जिना नसलेला वरचा मजला

घर खाली करण्याची नोटीस घेऊन माणूस आला, की त्याला वाटतं वकील आधी नोटीस वाचेल. मी आधी विचारत असे, "आत्ता घरात कोण आहे?" बायको आहे, म्हातारे वडील आहेत, असं उत्तर आलं की मी त्याला बसायला सांगायची. "सगळेच आलोय, कुलूप लावून," असं उत्तर आलं, तर त्यातल्या एकाला आल्या पावली घरी पिटाळायची. कायदा भाडेकरूच्या बाजूने कितीही असला, तरी घरमालकाने त्या कुलपाशेजारी आपलं दुसरं कुलूप लटकवलं, की कायद्याला त्या दारातून आत शिरायला वर्षं लागतात. भाडेकरूचा पहिला बचाव म्हणजे ताबा. बाकीचे बचाव त्याच्या मागून येतात.

हे मला कुणी शिकवलं नाही. नागपुरात मी वकिलीची परीक्षा दिली होती, ती वडिलांच्या हट्टाखातर. पुढे लग्न झालं, डिग्री ट्रंकेत गेली. मग राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूरची राजधानी गेली, भोपाळ राजधानी झालं आणि सचिवालयातल्या फायलींबरोबर कारकूनही रेल्वेने इकडे आले. माझे यजमान त्यातलेच. सरकारी घरं बांधायची होती, माणसं मात्र येऊन थडकली होती. जुन्या शहरात, जुमेरातीत, इतवाऱ्यात, जिथे एक कुटुंब राहत होतं तिथे तीन राहू लागली. त्यातून भांडणं, भांडणांतून नोटिसा. शेजारच्या एका बाईने नोटीस आणून दाखवली, मी ट्रंकेतून काळा कोट काढला. कोर्टात तेव्हा मी एकटीच बाई. बार रूममध्ये मला बसायला जागा करून देताना सगळे वकील एकदम उभे राहायचे आणि मग बराच वेळ कुणीच काही बोलायचं नाही.

धंदा तसा सरळ होता. मालकाला वाटलं म्हणून भाडेकरूला काढता येत नसे, कायद्यात सांगितलेलं कारण दाखवावं लागे. भाडेकरूने जागा परस्पर दुसऱ्याला दिली, घर पडायला आलं, किंवा मालकाला स्वतःला खरोखर गरज आहे, अशी ती कारणं. माझं काम त्या कारणात फट शोधायचं. एका मालकाने दावा केला, की भाडेकरूने पोटभाडेकरू ठेवला आहे. हा पोटभाडेकरू म्हणजे भाडेकरूची सासू. ती आली होती पाहुणी म्हणून आणि गेलीच नव्हती. कोर्टात अख्खी सकाळ एकाच मुद्द्यावर गेली, म्हातारीची चूल वेगळी आहे का. वेगळी चूल म्हणजे वेगळं बिऱ्हाड. जावयाने शपथेवर सांगितलं, "हुजूर, चूल एकच आहे. वेगळी असती तर मी सुखी असतो." तो दावा आम्ही जिंकलो आणि सासू राहिली.

अशा गोष्टी सांगून मी नातवंडांना हसवते. राजूरकरांची गोष्ट मी घरात सांगत नाही.

केशव राजूरकर सचिवालयात कारकून होता, नागपूरहून पहिल्या लोंढ्यात आलेला. बायको कुसुम आणि आई. मूलबाळ नव्हतं. जुमेरातीत मुन्नालालजी म्हणून खिळे, बिजागऱ्या, कड्या-कोयंडे विकणारे एक व्यापारी होते, त्यांच्या दुकानावरचा मजला या तिघांनी भाड्याने घेतला होता. दोन खोल्या पुढे, एक मागे, रस्त्यावर लाकडी सज्जा. दुकानाच्या बाजूने दगडी जिना वर जायचा. केशवच्या आईचे, राजूरकरकाकूंचे, गुडघे गेलेले होते. त्या वर चढल्या, त्यानंतर सणावारालाच काय त्या खाली उतरायच्या, कुसुम आणि केशव दोन्ही बाजूंनी धरून.

सुरुवातीची काही वर्षं घरोब्याची गेली. मुन्नालालजी दुपारी दुकान पुतण्यावर सोपवून वर यायचे, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून काकूंच्या हातचा चहा प्यायचे. त्यांना ते 'काकी' म्हणत. मग गोविंदपुऱ्याकडे मोठा कारखाना उभा राहू लागला. इंजिनिअर येऊ लागले, परदेशी तज्ज्ञ येऊ लागले, आणि शहरात घर या गोष्टीचा भाव चढला. मुन्नालालजींची नोटीस आली, पुतण्याचं लग्न ठरलं आहे, वरचा मजला त्याला राहायला हवा आहे.

केशव माझ्याकडे आला तेव्हा मी नेहमीचा प्रश्न विचारला. "आई आहे," तो म्हणाला. "ती कुठे जाणार? ती कायम घरातच असते."

"मग काळजी नाही," मी म्हणाले.

दावा लागला. आमचं म्हणणं होतं, पुतण्याचं लग्न हे निमित्त आहे. खरं कारण म्हणजे मालकाला इंजिनिअर भाडेकरू हवाय. मुन्नालालजींनी तसं स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, चहा पिता पिता, पण फक्त काकूंना. त्यामुळे आमचा सगळा बचाव त्या एका म्हातारीच्या साक्षीवर उभा होता, आणि तिला कोर्टात कसं आणायचं याची जुळवाजुळव मी करत होते.

तेवढ्यात जिना गेला. कुसुम दुपारी वरच होती. घणाचे आवाज आले, तिला वाटलं खाली दुकानात काही चाललंय. दार उघडलं तर खालच्या पायऱ्या निघालेल्या होत्या आणि मजूर वरच्यांवर घण घालत होते. ती ओरडली. मजुरांचा मुकादम शांतपणे म्हणाला, "बहनजी, पीछे हट जाइए, पत्थर लग जाएगा." केशव कचेरीतून आला तेव्हा दाराखाली उभी भिंत होती आणि दारात त्याची आई खुर्ची घेऊन बसलेली होती.

मुन्नालालजींचे वकील सक्सेना साहेब. पिकल्या केसांचे, अचकन घालणारे, बोलणं लोण्यासारखं. मला ते 'बेटी' म्हणत. त्यांनी कोर्टात सांगितलं, जिना मोडकळीला आला होता, भाडेकरूंच्याच जिवासाठी उतरवला, नवा बांधणारच आहोत. मी तातडीचा अर्ज दिला. कोर्टाने जिना बांधायचा हुकूम केला. मी खूष झाले. मग सक्सेना साहेब उठले आणि अदबीने म्हणाले, हुकूम शिरसावंद्य, पण सिमेंट परमिटवर मिळतं. परमिटचा अर्ज दिला आहे. परमिट आलं की लगेच. त्या काळी ते खोटं म्हणता येत नव्हतं. अर्धं शहर परमिटच्या रांगेत उभं होतं. कोर्टाने मान हलवली आणि तारीख दिली. पुढच्या तारखेलाही परमिट आलेलं नव्हतं.

केशवने लाकडी जिना स्वतःच्या खर्चाने लावायची परवानगी मागितली. सक्सेना साहेबांनी हरकत घेतली, जिन्याचा पाय दुकानाच्या फरशीवर येतो. त्यावर पुन्हा तारीख.

एव्हाना गल्लीतल्या रशीद मिस्त्रीने बांबूची शिडी करून दिली होती. रस्त्यावरून सज्ज्यापर्यंत ती तिरकी लागायची. कुसुम पदर खोचून तिच्यावरून चढायची-उतरायची. पाण्याच्या बादल्या कप्पीला दोर लावून वर ओढायची. सुरुवातीला गल्ली बघायला थांबायची, नंतर कुणी वर पाहीनासं झालं. काकू मात्र सज्ज्यात बसून राहायच्या. त्यांना शिडीवरून उतरता येणार नव्हतं.

केशव एकदा मला म्हणाला, "ताई, चौघांनी खुर्चीत बांधून आईला खाली घेतो. बहिणीकडे अमरावतीला पाठवतो."

मी विचारलं, "आणि साक्ष? आणि परत वर कसं न्याल? शिवाय ती गेली की दिवसभर वर कोण असेल? कुसुम पाण्याला उतरली की कुलूपच ना? ताबा सोडू नका."

त्याने घरी जाऊन आईला विचारलं. काकूंनी सांगितलं, "वकीलबाई बरोबर म्हणते. मी इथून हलत नाही."

साक्षीसाठी मी कमिशन मागितलं. म्हणजे साक्षीदार आजारी, अपंग असेल तर कोर्ट एका वकिलाला नेमून त्याच्या घरी पाठवतं आणि तो तिथे जबाब लिहून घेतो. नेमलेला तरुण वकील ग्वाल्हेरचा होता, मराठी जाणणारा. ठरल्या दिवशी आम्ही तिघं जुमेरातीत त्या शिडीखाली उभे राहिलो, तो नेमलेला कमिशनर, मी आणि सक्सेना साहेब. साडी सावरत आयुष्यात पहिल्यांदा मी शिडी चढले. माझ्यामागून सक्सेना साहेब आले, अचकनीची टोकं कमरेला खोचून, प्रत्येक पायरीवर थांबत. वर पोचले तेव्हा त्यांना धाप लागली होती. काकूंनी शपथ घ्यायच्या आधी कुसुमला सांगितलं, "त्याईले पाणी दे आधी."

माझे प्रश्न लवकर संपले. मुन्नालालजी कुठे बसायचे, काय म्हणाले, हे काकूंनी जसंच्या तसं सांगितलं. कारखान्यातले एक इंजिनिअर साहेब घर शोधतायत, तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त भाडं देतील, तुम्ही दुसरीकडे बघा, असं मुन्नालालजी म्हणाले होते. मग सक्सेना साहेबांची उलटतपासणी.

"अम्माजी, पुतण्याचं लग्न ठरलंय, हे खरं?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"खरं आहे. मुलगी सिहोरची आहे. गुणाची आहे म्हणतात."

"मग त्याला राहायला जागा लागेल?"

"लागेल ना बापा. नव्या नवरीले काय खिळ्यांच्या पोत्यावर निजवणार?"

मी डोळे मिटले. मालकाची गरज खरी आहे, असं माझीच साक्षीदार सांगत होती. सक्सेना साहेबांनी पेनाला टोपण लावलं. त्यांचं काम झालं होतं. पण काकूंचं झालं नव्हतं.

"म्हणून तर मी म्हटलं त्याले," त्या पुढे म्हणाल्या, "मागची खोली घे. आम्ही तिघं पुढे भागवू. चूल पण मी सज्ज्यात घेते म्हटलं. तर तो नाही म्हणाला. म्हणाला, काकी, पाहिजे तर पूर्ण मजलाच पाहिजे."

"हे मी विचारलेलं नाही," सक्सेना साहेब घाईने म्हणाले. पण ग्वाल्हेरच्या पोराने ते लिहून घेतलं होतं.

टोपण पुन्हा निघालं. "हे बोलणं झालं तेव्हा आणखी कोण होतं?"

"कोणीच नव्हतं. कुसुम नळावर गेली होती."

"म्हणजे मुलाचं घर वाचावं म्हणून तुम्ही खोटं बोलताय."

हे वाक्य प्रत्येक वकील प्रत्येक साक्षीदाराला म्हणतो. न म्हटलं तर साक्षीदाराचं म्हणणं कबूल केल्यासारखं होतं, म्हणून म्हणायचंच असतं. मीही शेकडो वेळा म्हटलंय आणि पाच मिनिटांनी त्याच माणसाबरोबर चहा प्यायलेय. काकूंना हे कुठून माहीत असणार? त्या सक्सेना साहेबांकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"मी खोटं बोलून राहिले म्हणतो काय तो?"

"तसं विचारायची पद्धत असते, काकू."

"त्याले पाणी दिलं मी," त्या म्हणाल्या, आणि जबाबावर अंगठा उमटवून आत जाऊन पडल्या.

कुसुम नंतर सांगायची, त्या दिवसापासून त्या रोज विचारायच्या, "साहेब काय म्हणाला? मी खरी का खोटी?" साहेब, म्हणजे न्यायाधीश, अजून काही म्हणाले नव्हते. तारखा पडत होत्या.

हिवाळ्यात काकूंना ताप भरला, छातीत कफ झाला. डॉक्टर शिडीवरून वर आले. तपासून म्हणाले, इस्पितळात न्या. रशीद मिस्त्रीने खुर्चीला दांड्या ठोकायला घेतल्या. पण काकूंना बसवलं की श्वास कोंडत होता, आडवं करून शिडीवरून आणता येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, अशा अवस्थेत हलवू नका, सुया देतो, जरा उतार पडू द्या. उतार पडला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या.

केशवचा निरोप मला कोर्टात मिळाला. मी पोचले तेव्हा गल्ली माणसांनी भरली होती आणि सगळे वर बघत होते. तिरडी वरच बांधली होती. ती सज्ज्याच्या कठड्यावरून दोरांनी खाली घ्यायची ठरली होती आणि पुरेसे लांब दोर कुणाकडे नव्हते. मुन्नालालजींनी दुकान बंद केलं होतं. फळ्या लावता लावता ते आत गेले आणि काथ्याच्या नव्या दोराची दोन वेटोळी घेऊन बाहेर आले. कुणी मागितली नव्हती. ती घेऊन ते शिडीखाली उभे राहिले.

वरून कुसुम ओरडली, "त्यांचा दोर नको!"

मुन्नालालजी तसेच उभे. केशव सज्ज्याच्या कडेला आला. त्याने आधी बायकोकडे पाहिलं, मग खाली.

"दे वर," तो म्हणाला. "आईला खाली न्यायचंय."

रशीद मिस्त्री वर गेला, त्याने गाठी मारल्या. मुन्नालालजींच्या दुकानातले हमाल, रोज लोखंडाची पोती उतरवणारे, खाली हात वर करून उभे राहिले. तिरडी कठड्यावरून सुटली तेव्हा एका बाजूने कलली. गर्दीतून एकच आवाज झाला. हमालांतला एक जण "संभाल के, संभाल के, अम्मा है," असं पुटपुटत होता. मग ती सरळ झाली आणि हळूहळू त्यांच्या हातात आली. मागून कुसुम शिडीवरून उतरली. तिने खाली आल्यावर कुणाकडे पाहिलं नाही.

पुढल्या आठवड्यात बार रूममध्ये सक्सेना साहेब माझ्याजवळ येऊन बसले. बराच वेळ चष्मा पुसत होते.

"बेटी, मुन्नालाल तो सीढ़ी बनवाने को तैयार था," ते म्हणाले. "पहिल्याच महिन्यात तयार होता. मी थांबवलं. म्हटलं, स्वतःहून जिना बांधलास तर तोडणं चुकीचं होतं असं कबूल केल्यासारखं होईल."

मी त्यांच्या जागी असते तर तेच सांगितलं असतं. त्यांनी त्याला बांधू नकोस म्हटलं, मी यांना उतरू नका म्हटलं. आम्ही दोघांनीही आपापल्या पक्षकाराला बरोबर सल्ला दिला होता, आणि दोन बरोबर सल्ल्यांच्या मध्ये ती म्हातारी वर अडकून राहिली. आजही एखाद्या भाडेकरूने विचारलं तर मी तेच सांगेन. पण सांगताना तो कठडा डोळ्यांसमोर येतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत केशवला सरकारी क्वार्टर मंजूर झालं, नव्या भोपाळात, नळ आतमध्ये, अंगण. मी केशव-कुसुमला बोलावून सांगितलं, दाव्यात आता काही अर्थ नाही, जागा सोडा आणि सुखाने राहायला जा. केशवची तयारी होती. कुसुम म्हणाली, "निकाल लागेपर्यंत नाही."

"निकाल तुमच्या बाजूने लागला तरी तुम्ही तिथे राहणार नाही ना?"

"नाही."

"मग?"

"जागा सोडली तर साहेब निकाल देतील का, ताई? सासूबाई खऱ्या की खोट्या, ते लिहितील का?"

"नाही. दावा तसाच मिटेल."

"मग नाही," ती म्हणाली.

केशवने कचेरीत हातापाया पडून क्वार्टरचा ताबा लांबवून घेतला. कुसुम शिडीवरून पाणी भरत राहिली. आता घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तिने नळावर जाताना दार उघडं टाकायचं आणि बादली भरेपर्यंत मान वळवून दाराकडे बघत राहायचं, असा तिचा दिवस जायचा.

निकाल उन्हाळ्यात लागला. मुन्नालालजींचा दावा फेटाळला. निकाल इंग्रजीत होता. कुसुम त्या दिवशी कोर्टात आली होती, पहिल्यांदाच, आणि व्हरांड्यात तिने मला थांबवलं. "सासूबाईंचं काय लिहिलंय तेवढं वाचा."

मी तिला मराठीत सांगितलं. न्यायाधीशांनी लिहिलं होतं, की या साक्षीदार बाईने मुलाच्या विरुद्ध जाणारी गोष्टही लपवली नाही, मालकाच्या पुतण्याला जागा लागेल हे तिने स्वतःहून मान्य केलं. म्हणून मुलाच्या बाजूने ती जे बोलली त्यावरही अविश्वास दाखवायला मला कारण दिसत नाही. मागची खोली देऊ केली असता ती नाकारणाऱ्या मालकाची गरज खरी मानता येत नाही.

"म्हणजे खऱ्या," कुसुम म्हणाली.

"हो. खऱ्या."

"अजून एकदा वाचा."

मी परत वाचलं. ती ऐकत होती आणि केशव भिंतीकडे तोंड करून उभा होता.

जिना आठवडाभरात झाला. परमिटही आलं. चांगला रुंद, कठडा लावलेला जिना. आणि त्यावरून केशव-कुसुमचं सामान खाली आलं. मी गेले होते, कारण किल्ली वकिलासमोर द्यावी, पुढे वाद नको, असं मीच सांगितलं होतं. टांगा भरला. कुसुमने मुन्नालालजींच्या हातात किल्ली ठेवली.

मुन्नालालजी त्या किल्लीकडे बघत राहिले. "बहनजी," ते म्हणाले, "जाना ही था, तो इतना सब क्यों..."

"जाना था," कुसुम म्हणाली. "निकाले नहीं जाना था."

ती टांग्यात चढली. मुन्नालालजी किल्ली मुठीत धरून जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले, गिऱ्हाईक हाक मारत होतं तरी उठले नाहीत. वरच्या मजल्यावर पुढच्याच महिन्यात कारखान्यातल्या एका इंजिनिअरचं बिऱ्हाड आलं.